एक हंडा बाकी

यंदा रमजान फेब्रुवारीत आला. सहेरीला उठताना अंगावर शाल घ्यावी लागते, दुपारी घसा कोरडा पडतो पण जीव कासावीस होत नाही, आणि पावणेसातच्या सुमारास मगरिबची अजान झाली की दिवस कसा सरला ते कळतही नाही. कॉलेजातले सहकारी विचारतात, "मॅडम, यंदाचे रोजे सोपे ना?" मी हो म्हणते. सोपे आहेतच. पण स्टाफरूममधल्या माठावरचं झाकण कुणी उचललं, की त्या आवाजानं मला अजून मे महिन्यातला रमजान आठवतो.

मुस्लिमेतर वाचकांना रमजान दरवर्षी वेगळ्या दिवसांत का येतो, याचं नवल वाटतं. हिजरी वर्ष चांद्र आहे. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांत पुरं होतं आणि आपल्याकडच्या पंचांगासारखा त्यात अधिक महिना घालत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. याचा साधा अर्थ असा, की शाळेच्या सुट्टीतला, आंब्या-करवंदांचा, रणरणत्या उन्हातला रमजान माणसाला आयुष्यात दोनदा भेटतो, फार तर तीनदा. मला तो एकदा भेटला तेव्हा मी लहान होते. दुसऱ्यांदा आला तेव्हा माझी मुलं लहान होती. आता पुन्हा येईल २०५०च्या आसपास. तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन.

पहिल्या वेळची गोष्ट १९८७ची. मी आठ वर्षांची होते. त्या साली जवळजवळ सगळा रमजान मे महिन्यात गेला. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक, घर शहापुरात. सुट्टी लागली की आमचा मुक्काम नानीकडे, मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या अलीकडे. एरवी आम्ही एसटीनं जायचो. त्या वर्षी मामू जीप घेऊन न्यायला आले, कारण मी पहिला पुरा रोजा धरणार होते आणि संध्याकाळी नानीकडे माझी रोजाकुशाई होती. मूल पहिल्यांदा दिवसभराचा रोजा धरतं तेव्हा त्याला नवे कपडे घालतात, गळ्यात फुलांचा हार घालतात, नातलगांना इफ्तारला बोलावतात, तो हा सोहळा. त्याआधी दोन वर्षं मी 'चिडीचे रोजे' धरले होते. चिडीचा, म्हणजे चिमणीचा. दुपारी जेवायचं आणि पुन्हा संध्याकाळी सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसून रोजा सोडायचा. मोठी माणसं कौतुकानं म्हणतात, "हिचे तर आज दोन रोजे झाले." मला त्या कौतुकाचा तोवर राग येऊ लागला होता.

मामूंची मुरबाडला गवताची वखार होती. ज्यांना ठाणे जिल्ह्याच्या या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे भाताइतकंच गवताचंही पीक. दिवाळीच्या पुढे डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वखारीत दाबून गाठी बांधायच्या आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. आमच्याकडच्या कितीतरी कोकणी मुसलमान घरांची चूल या धंद्यावर पेटली. मामूंच्या जीपला त्यामुळे कायम वाळल्या गवताचा वास यायचा. मागे समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्री. त्यात आम्ही पाच पोरं, अम्मी, खाला, दोन ट्रंका आणि आंब्याच्या रिकाम्या करंड्या. परतताना त्या भरून आणायच्या. पुढे मामू आणि अब्बा. पाणी फक्त धाकट्या भावासाठी, त्याच्या शाळेच्या वॉटरबॅगमध्ये. बाकी सगळे रोजेदार, पाणी कुणाला लागणार?

सापगावचा पूल ओलांडताना खाली भातसा नदी दिसली तेव्हा मला पहिल्यांदा तहान लागली. सकाळचे दहाच वाजले असतील. पुढे रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या, काळीभोर करवंदं, राजणं, जांभळं. भावांनी करवंदं घेतली. मी तोंड फिरवून बसले. पोरांचा खेळ असा, की न पिकलेलं करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. खेळात घ्यायला हरकत नव्हती, पण बोटांना लागलेला चीक चाटायचा मोह होईल म्हणून मी हात ओढणीत गुंडाळून बसले. माझी खाला हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अल्लाहमियाँला तुझी नियत कळलीय गं, थोडं हसून तरी बस."

किन्हवली मागे पडल्यावर एका चढाला जीप गुरगुरली आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मामूंनी गाडी कडेला घेतली. रेडिएटर तापला होता. अर्धा तास थांबून, फडक्यानं झाकण उघडून मामूंनी धाकट्याची वॉटरबॅग आत रिकामी केली. ती कुठल्या कुठे गेली. आजूबाजूला सावली म्हणजे एक मोहाचं झाड. दूर उतारावर आठ-दहा घरांची वाडी दिसत होती. अब्बा आणि माझा थोरला भाऊ तिकडे गेले.

ते परतले तेव्हा बरोबर एक बाई होती, डोक्यावर जर्मलचा हंडा, मागे परकराचा ओचा धरून माझ्याएवढी मुलगी. मामूंनी हंडा घेतला आणि इंजिनात ओतायला लागले. तापलेल्या लोखंडावर पाणी चर्र झालं, उडालं, थोडं मातीत गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हंडा रिकामा झाला तेव्हा कुठे रेडिएटर भरला. ती बाई एक शब्द बोलली नाही. नुसती बघत होती. तिची मुलगी मातीत पडलेल्या ओल्या डागाकडे बघत होती, हे मला आजही दिसतं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "पोरे, तोंड केवढं सुकलंय. पानी आनू का घरातनं?" मी मान ताठ करून म्हटलं, "माझा रोजा आहे." रोजा तिला माहीत होता. तिनं विचारलं, "कवर धरायचा?"

"सात वाजेपर्यंत."

"सातला सुटतो व्हय?" ती म्हणाली. "मग बरं हाय."

अब्बांनी पाच रुपयांची नोट पुढे केली. तिनं घेतली नाही. पान्याचे पैसे कोन घेतं, म्हणाली. पाणी कुठून आणता, असं अब्बांनी विचारलं तेव्हा मुलीनंच हात करून खालचा ओढा दाखवला. ओढा कोरडा होता. वाळूत खड्डा खणून झिरा काढलेला, त्यात पाणी पाझरेल तसं वाटीनं भरून घ्यायचं. एक हंडा भरायला तास-दीड तास. गर्दी नको म्हणून बाया पहाटे तीनला उठून जातात. आम्ही त्या दिवशी सहेरीला उठलो तीही तीनचीच वेळ होती.

संध्याकाळी नानीच्या अंगणात माझी रोजाकुशाई झाली. मोगऱ्याचा हार, नवा शरारा, खजूर, कलिंगड, गुलाबी सरबताचं भलं मोठं पातेलं. अजान झाली आणि मी सलग तीन पेले सरबत प्यायले. सगळे हसले. अब्बा नमाज पढून आले आणि लवकर निजले. ते थकले असतील, एवढंच मला वाटलं.

मे महिन्यातला रमजान दुसऱ्यांदा आला तेव्हा मी चाळिशीला पोचले होते. २०१९. सात मेला पहिला रोजा. तोवर आम्ही कल्याणला राहायला आलो होतो, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहाची. अब्बा सत्तरीच्या पुढे, मधुमेहामुळे डॉक्टरांनी रोजे बंद केलेले. आजारी माणसाला, प्रवाशाला रोज्यातून सूट आहे, हे कुराणातच सांगितलेलं आहे. ज्यांना पुढेही धरणं शक्य नाही त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचं, त्याला फिदिया म्हणतात. अब्बांनी तो महिन्याच्या सुरुवातीलाच देऊन टाकला होता. तरी सगळ्यांबरोबर सहेरीला उठायचे आणि दिवसा आमच्यासमोर पाणी प्यायचे नाहीत. गोळी घ्यायची झाली की आतल्या खोलीत जायचे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पोरांना घेऊन मामूंच्या गावी जाऊ. पण शहापुरावरून, जुन्या रस्त्यानं. आता ज्यांना नकाशा ठाऊक आहे ते म्हणतील, कल्याणहून टोकावड्याला जायला शहापूर कशाला? सरळ मुरबाडचा हायवे धरला की झालं, तोच पुढे माळशेज घाटातून नगरकडे जातो. माझे मिस्टरही तेच म्हणाले. पण अब्बांना उलट प्रश्न विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

भिवंडी तालुक्यातून नाशिक हायवेनं जाताना मुलांनी पाण्याचे ते अजस्र पाइप पाहिले. मुलगी म्हणाली, यात रेल्वे जाते का? तिच्या बापानं सांगितलं, यात मुंबईचं पाणी जातं. मग प्रश्नांची सरबत्ती. कुठून येतं? नानाच्या गावाहून. नाना कुठून देतात? ती पैज मुलगा हरला, कारण त्याला वाटत होतं मुंबईचं पाणी मुंबईतच पडतं.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. विहार आणि तुळशी मुंबईच्या डोंगरात. उरलेल्या पाचांतले तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा हे शहापूर तालुक्याच्या परिसरातले, आणि ऊर्ध्व वैतरणा घाटाच्या वर, नाशिक जिल्ह्यात. तानसा १८९२चा, इंग्रजांच्या काळातला. मोडकसागर १९५७चा. मध्य वैतरणा अगदी अलीकडचा, २०१४चा. एकट्या भातशाचं पाणी मुंबईच्या जवळजवळ निम्म्या गरजेला पुरतं. ते नदीतून खाली पिसे इथे येतं, तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध करून पुढे जातं. तानशाचं पाणी तर उतारानंच वाहत मुंबई गाठतं. आणि याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावं-पाडे टँकरची वाट बघतात. वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही, धरण उशाला आणि कोरड घशाला असा मथळा दरवर्षी छापून येतो. आता त्या मथळ्याचीही सवय झाली आहे, हेच वाईट.

याला नुसती सरकारची बेपर्वाई म्हणून सुटका होत नाही. पाऊस इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण जमीन काळ्या कातळाची आणि उताराची. पाऊस पडतो तसा ओढ्यांतून पळतो, मुरत नाही. होळीच्या सुमारास विहिरी तळ दाखवतात. धरणं खाली दरीत, वाड्या वर डोंगराच्या अंगावर, म्हणजे पाणी शहराकडे आपोआप उतरतं आणि वाडीत मात्र पंपानं चढवावं लागतं. पंपाचं वीजबिल कुणी भरायचं, यावर नळयोजना बंद पडतात. इगतपुरीच्या भावली धरणातून, म्हणजे वरच्या अंगानं, शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना त्यासाठीच आखली गेली. ती पोचेल तेव्हा पोचेल. दरम्यान काळू आणि शाई या उरलेल्या नद्यांवरही धरणांचे प्रस्ताव आहेत, आणि ते कुणाची तहान भागवण्यासाठी, हे सांगायला नको.

हे सगळं मी गाडीत बोलले नाही. तेव्हा मुलांना एवढंच सांगितलं, की पाणी खाली जातं.

शहापुरात अब्बांना घ्यायला थांबलो तेव्हा त्यांनी डिकीत पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार ठेवायला लावले. आणि तांदळाची अर्धी गोणी. मिस्टर हसून म्हणाले, "अब्बा, आताच्या गाड्यांना पाणी लागत नाही."

"गाडीसाठी नाही," अब्बा म्हणाले.

मुलानं त्या दिवशी पहिला पुरा रोजा धरला होता. मीच नको म्हणत होते, प्रवास आहे, ऊन आहे. अब्बा म्हणाले, शहापूर ते मुरबाड म्हणजे काही शरियतचा प्रवास नव्हे, धरू दे, नाही निभला तर सोडेल. गाडीत एसी होता. मुलगा टॅबवर गाड्यांची शर्यत खेळत होता आणि दर दहा मिनिटांनी विचारत होता, आता किती वाजले. सापगावचा पूल गेला, किन्हवली गेली. एका चढाला अब्बा म्हणाले, थांब. मला जागा ओळखू आली नाही. मोहाचं झाड नव्हतं. रस्ता रुंद झालेला. पण उतारावर वाडी होती, आठ-दहाची तीस-पस्तीस घरं झालेली, काही पक्की, पत्र्याची.

वाडीच्या विहिरीभोवती गर्दी होती. नुकताच टँकर येऊन गेला होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, टँकरचं पाणी घरोघर मिळत नाही. टँकर ते कोरड्या विहिरीत सोडतो आणि मग बाया काठावर उभ्या राहून दोरानं ते पुन्हा वर ओढतात. तळाचा गाळ ढवळून पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. निळ्या पिंपांची, हंड्यांची, तेलाच्या डब्यांची रांग. दुपारचे दोन. गाडीचं दार उघडताच गरम हवेचा लोट अंगावर आला आणि माझा मुलगा, जो सकाळपासून मोठ्या रुबाबात होता, दोराच्या टोकाला वर येणारी ती कळशी पाहून रडायला लागला. त्याला पाणी हवं होतं.

मी त्याला समजवायला लागले, अजून पाच तास, इतका वेळ केलंस. अब्बांनी मला गप्प केलं. त्याला म्हणाले, "पी. तुझ्यावर अजून फर्ज नाही. पुढच्या वर्षी धर." तो हुंदके देत म्हणाला, "मग रोजाकुशाई?" अब्बा म्हणाले, "तीपण पुढच्या वर्षी."

एका म्हातारीनं फडकं लावून गाळलेलं पाणी तांब्यात दिलं. मला वाटलं, जारमधलं द्यावं, हे गढूळ आहे. पण अब्बांच्या चेहऱ्याकडे बघून मी जार उघडला नाही. मुलानं तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. म्हातारीनं पुन्हा भरला. ती दुसऱ्यांदा भरत असताना मी रांगेतल्या बायांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. पोराच्या पोटाचं काय होईल ही काळजीही मनात होतीच, खोटं कशाला सांगू.

अब्बा चौकशी करत होते. बत्तीस वर्षांपूर्वी, अशी अशी बाई, एक मुलगी, जीपला पाणी दिलं होतं. कुणाला आठवेना. आठवणार कसं? रस्त्यावरची गाडी तापली की लोक वाडीत येणारच. कुणी म्हणालं, माझी सासू असंल, ती वारली. कुणी म्हणालं, ते घर वीटभट्टीला गेलं ते परत आलंच नाही. दिवाळीनंतर या वाड्यांमधली कितीतरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जातात, त्यातली काही तिकडचीच होतात. अब्बांनी जार आणि तांदूळ उतरवले. जकात कुणाला द्यावी याचे नियम ठरलेले आहेत, सदका मात्र कुणालाही देता येतो, धर्म विचारायची गरज नाही. दोन जार बघून एक तरुण बाई फिसकन हसली, "चाळीस लिटरात काय व्हनार बाबा?" तरी दोन्ही घेतले, आणि रिकामे करून जार परत आणून दिले.

त्या रात्री मामूंच्या अंगणात खाटेवर पडून मुलीनं विचारलं, त्या बाया सात वाजता पाणी पितात का? मी तिला बीबी हाजराची गोष्ट सांगितली. निर्जन दरीत तहानलेलं तान्हं बाळ, आणि सफा नि मरवा या दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात वेळा धावणारी आई. मग बाळाच्या पायाशी जमजमचा झरा फुटला. हजला जाणारा प्रत्येक जण, राजा असो की मजूर, त्या आईची ती धावाधाव आजही करतो, त्याशिवाय हज पुरा होत नाही. आता तो मार्ग संगमरवरी आहे, वातानुकूलित आहे. गोष्ट संपेपर्यंत मुलगी झोपली होती. मीच जागी राहिले. आठव्या वर्षी ऐकलेलं 'मग बरं हाय' मला त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आलं. माझ्या तहानेला घड्याळ होतं.

मुलाची रोजाकुशाई पुढच्या वर्षी झाली, पण घरातल्या घरात. २०२०चा रमजान, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत, लॉकडाऊनमध्ये गेला. मशिदी बंद, तरावीह घरी. शहापुरातून अब्बा फोनवर सांगायचे, हायवेवरून माणसं चालत नाशिककडे निघालीत, डोक्यावर बोजे, कडेवर पोरं. गावातले लोक, त्यात मोहल्ल्यातली पोरंही, रस्त्यावर पाण्याचे पिंप भरून ठेवत होते. रोजेदार पोरं दिवसभर दुसऱ्याला पाणी पाजतात, असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. अब्बांचा तो मे महिन्यातला शेवटचा रमजान. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

त्यांच्या कपाटात हिशेबाच्या वह्या निघाल्या. शिक्षकी पगारात संसार करणाऱ्या माणसाच्या असतात तशाच. दूधवाला, वाणी, कुणाला हातउसने दिलेले वीस रुपये. सगळं उर्दूत, बारीक सुबक अक्षरात. वर्ष बदललं की फिटलं नसेल ते पुढच्या वहीत उतरवायचं. १९८७च्या वहीत मे महिन्यात एक ओळ होती. एक हंडा पाणी, किन्हवलीच्या पुढची वाडी, बाकी. मी पुढच्या वर्षाची वही उघडली. तिथेही होती. त्याच्या पुढच्याही. 'बाकी' हा शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे, आणि दोन्हीकडे हिशेबात त्याचा अर्थ एकच. मी वर्गात दोन्ही भाषांचे समान शब्द शिकवते तेव्हा हा शब्द आजवर यादीत होता, त्यानंतर मला तो फळ्यावर लिहिताना थांबावं लागतं.

मृताच्या नावानं काही सत्कृत्य करण्याची आमच्याकडे रीत आहे. ईसाल-ए-सवाब. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. साद बिन उबादा यांची आई वारली, तेव्हा त्यांनी पैगंबरांना विचारलं, तिच्या नावानं कोणता सदका उत्तम? उत्तर आलं, पाणी. त्यांनी विहीर खोदली. आमच्या घरी भावांचं म्हणणं पडलं, मशिदीत थंड पाण्याचं मशीन बसवू, लोक अब्बांचं नाव घेतील. ते चूक नव्हतं. पण मी वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या. थोरला भाऊ, जो त्या दिवशी अब्बांबरोबर वाडीत गेला होता, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बोअर मारू.

बोअर कोरडी गेली. तीनशे फूट कातळ फोडला, नुसती धूळ वर आली. बोअरवाल्याचे पैसे फुटावर असतात, पाण्यावर नसतात. घरात थोडी कुजबुज झाली, आधीच सांगितलं होतं, वगैरे. मग वाडीतल्याच एका म्हाताऱ्यानं सुचवलं, पावसाआधी जुन्या विहिरीतला गाळ काढा. वर्षानुवर्षं टँकर ओतून ती गाळानं अर्धी भरली होती. वाडीतल्या माणसांनी मजुरी घेऊन, आणि शेवटचे चार दिवस मजुरी न घेता, गाळ उपसला. काठ बांधला. शेजारी प्लास्टिकच्या दोन मोठ्या टाक्या उभ्या केल्या, खाली नळाच्या तोट्या, म्हणजे टँकर विहिरीत न ओतता टाकीत ओतता येईल आणि पाणी ओढत बसावं लागणार नाही. त्यावर अब्बांचं नाव लिहिलेलं नाही. याचा फायदा किती झाला? पूर्वी विहीर मार्चच्या सुरुवातीला आटायची, आता एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकते. दीड महिना. त्यानंतर टँकर, पूर्वीसारखाच. भाऊ मला विचारतो, फिटली का गं बाकी? मी त्याला म्हटलं, वही तुझ्याकडेच ठेव.

यंदा मुलाची दहावीची परीक्षा नेमकी रमजानमध्ये आली आहे. तो रोजे धरून पेपरला जातो. आमच्या ओळखीतल्या काही जणांना ते पटत नाही, पण अभ्यास त्याचा आणि रोजाही त्याचा. २०१९च्या त्या दुपारचा विषय घरात निघाला की तो अजून लाजतो. मुलीला मात्र करवंदंच आठवतात, आणि डिकीत डुचमळणारे जार.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत पुन्हा त्या रस्त्यानं जाऊ, असं ठरलं आहे. मागच्या आठवड्यात वाडीतल्या बचतगटाच्या ताईंना फोन केला. विहिरीला पाणी आहे, म्हणाल्या, हंडा बुडतो. रोजे चालू आहेत का तुमचे, असंही त्यांनी विचारलं. आणि म्हणाल्या, "पंधरा एप्रिलच्या आत आलात तर चहा पाजते. मे मधे याल तर पाणी घेऊन या."